भिंतीवर शिकलेला हात

आमच्या बैठकीच्या खोलीत, पुस्तकांच्या दोन कपाटांमधील मोकळ्या जागेत, शिसपेन्सिलीने काढलेले एक चित्र टांगलेले आहे. घरी येणारी बहुतेक मंडळी ते पाहून एकच प्रश्न विचारतात: "हे अजून पुरे व्हावयाचे आहे काय?" विचारणारांचा यात काही दोष नाही. चित्रात एक बैल उभा आहे आणि त्याच्या मानेवर जू आहे. जू म्हटले म्हणजे त्याला दोन बाजू आल्या, आणि दोन बाजू आल्या म्हणजे दोन बैल आले, हे ज्यांचा शेतीशी संबंध सात-बाराच्या उताऱ्यापुरताच उरला आहे त्यांनाही ठाऊक असते. परंतु या चित्रात जुवाची दुसरी बाजू सरळ पुढे जाते आणि तिच्याखाली कोऱ्या कागदावाचून काही नाही. आमच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाचे एक अध्यापक चष्मा वर सरकवून ते चित्र बराच वेळ न्याहाळीत राहिले, आणि आधारावाचून जुवाचे ते टोक खाली यावयास पाहिजे होते, असा त्यांनी अभिप्राय दिला. चित्रकाराला गुरुत्वाकर्षण शिकविले गेले नसावे, असे त्यांच्या मनात होते. आम्ही चहाचा पेला त्यांच्यापुढे केला आणि विषय बदलला.

आमच्या कन्येने इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा वरच्या श्रेणीत दिलेली असल्यामुळे तिचे मत अधिक अधिकाराचे. "यात शेडिंगच नाही," असे ती म्हणते, आणि ते खरे आहे. बैलाचे पोट, मांड्या, गळ्याखालची पोळी, यांपैकी कोठेही छाया नाही. बैल पांढरा, कागदही पांढरा, आणि त्या दोन पांढऱ्यांच्या मधून एक रेघ गेलेली. कानामागून निघून मानेवरून ती वशिंडावर चढते, तेथून पाठीवर उतरते आणि शेपटीच्या गोंड्यापर्यंत जाते. आम्ही एकदा भिंग घेऊन ती तपासली. वशिंडाच्या माथ्यावर हात एकदा उचललेला दिसतो. बाकी सारी रेघ एका दमाची आहे. चित्रात काळा म्हणता येईल असा ठिपका एकच, तो मानेवर जूचा घट्टा पडतो तेथे. तेवढ्या जागी मात्र पेन्सिल इतकी दाबली आहे की कागद चमकतो.

आणखी एक गोष्ट जवळ गेल्यावर दिसते. रेघेत बारीक खडबड आहे, जणू वाळूवरून ओढली असावी. ती वाळू आमच्याच घराची आहे. हे चित्र काढले गेले तेव्हा कागद टेबलावर नव्हता. तो आमच्या ओसरीच्या भिंतीला चिकटविलेला होता, आणि गिलाव्याचे कण पातळ कागदातून पेन्सिलीला लागत गेले. घर बांधताना गवंड्याने गिलावा नीट घोटला नाही म्हणून आम्ही त्याच्याशी वाद घातला होता. त्या कुचराईचा असा उपयोग होईल हे त्यालाही ठाऊक नव्हते.

चित्रकार सेलू तालुक्यातील आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण ते त्याला आवडणार नाही, आणि त्याच्या गावात त्याला नावाने कोणी ओळखतही नाही. सर्वजण त्याला 'पेंटर' म्हणतात. त्याने कोणत्याही चित्रशाळेचा उंबरठा ओलांडलेला नाही. तो भिंतीवर शिकला. हल्लीच्या भाषेत बोलावयाचे तर त्याचे शिक्षण 'ग्रॅफिटी'त झाले, आणि हा शब्द आम्ही थट्टेने वापरीत नाही.

या शब्दाचे मूळ इटालियन भाषेत असून त्याचा अर्थ ओरखडणे असा आहे. मालकाला न विचारता भिंतीवर जे ओरखडले जाते ते ग्रॅफिटी. असल्या लेखनाला प्रतिष्ठा नसते, पण वय भरपूर असते. अजिंठ्याची लेणी इंग्रजांना दिसली ती १८१९ साली. आणि ज्या जॉन स्मिथ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला ती दिसली त्याने दहाव्या लेण्यात एका प्राचीन चित्रावरच आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. दीड हजार वर्षांहून जुनी कला दिसल्यावर एका सुशिक्षित मनुष्याला जे प्रथम सुचले ते हे! अमेरिकेत न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या फलाटांवर जाहिरातींच्या रिकाम्या जागांना काळा कागद लावलेला असे. त्यावर कीथ हॅरिंग या तरुणाने १९८० ते १९८५ या काळात पांढऱ्या खडूने शेकडो चित्रे काढली. पोलीस येण्यापूर्वी चित्र पुरे व्हावयास हवे, म्हणून त्याची रेघ कोठे थांबत नाही आणि कोठे परतत नाही. पुढे त्याची चित्रे मोठमोठ्या संग्रहालयांत गेली. आणि काळाची गंमत अशी की दिल्लीच्या तत्कालीन पोलीस मुख्यालयाच्या भिंतीवर २०१४ साली महात्माजींचे सुमारे १५० फूट उंचीचे चित्र रंगविले गेले, ते हेंड्रिक बाइकिर्ख या ग्रॅफिटीतूनच वर आलेल्या जर्मन चित्रकाराच्या व अनपु वर्की या भारतीय चित्रकर्तीच्या हातून. ज्यांनी पकडावयाचे त्यांनीच आपली भिंत पुढे केली.

आमच्या पेंटरचा भिंतीशी संबंध जडला तो १९६७ च्या निवडणुकीत. तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा होता. त्याचे वडील भिंती रंगवीत, आणि त्या काळी काँग्रेसची निशाणी जू खांद्यावर घेतलेली बैलजोडी ही होती. गावोगाव, रातोरात, शेकडो बैलजोड्या उमटावयाच्या. त्यासाठी वडिलांनी पत्रा कापून साचा केला होता. साचा भिंतीवर धरावयाचा, कुंचला फिरवावयाचा आणि पुढच्या भिंतीकडे जावयाचे. परंतु पत्र्याच्या साच्यात एक अडचण असते. बैलाचा आकार संपूर्ण कापला तर मधला पत्रा गळून पडतो. म्हणून मध्ये मध्ये पत्र्याच्या अरुंद पट्ट्या राखून ठेवाव्या लागतात. साचा उचलला की त्या पट्ट्यांच्या जागी बैल तुटलेला दिसतो: शिंग डोक्यापासून वेगळे, पाय पोटापासून वेगळे, जू मानेपासून वेगळे. हे तुटलेले बैल सांधण्याचे काम या मुलाकडे होते. वडील पुढे साचा मारीत जात आणि हा मागून कंदिलाच्या उजेडात, कोठे डब्यावर उभा राहून, कोठे वडिलांच्या सायकलीच्या कॅरिअरवर चढून, बारीक कुंचल्याने शिंग डोक्याला जोडी. किती बैल जोडले असतील याची मोजदाद नाही. इंग्लंडात शरीररचना शिकण्यासाठी चित्रकार शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभे राहत, असे आम्ही वाचले आहे. या मुलाने बैलाची शरीररचना उलट क्रमाने शिकून घेतली. बैल कोठे कोठे जोडलेला असतो, हे त्याच्या मनगटाला ठाऊक झाले.

पुढे १९६९ साली काँग्रेस फुटली, बैलजोडी गोठविली गेली आणि १९७१ च्या निवडणुकीत भिंतीवर गाय-वासरू आले. वडिलांचा साचा निकामी झाला. त्याचे पुढे काय झाले, असे आम्ही विचारले, तेव्हा पेंटर म्हणाला, "कोंबड्याच्या खुराड्याले लावला जी."

त्यानंतरची त्याची पंचवीस-तीस वर्षे आमच्या जिल्ह्याच्या भिंती वाचत गेल्यास कळतील, असे म्हटले असते. परंतु भिंती राहिल्या नाहीत. आमच्या लहानपणी देवीचा रोगी कळविणाराला हजार रुपये इनाम जाहीर करणारी अक्षरे शाळेच्या वाटेवर होती. देवी देशातून गेल्या तरी ती अक्षरे पुढे कितीतरी वर्षे टिकून होती. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण होता. नव्वदीत साक्षरतेची मोहीम आली, आणि २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आले तेव्हा एकेका गावाच्या साऱ्या भिंती एका आठवड्यात बोलू लागल्या. कीटकनाशकांच्या आणि कपाशीच्या बियाण्यांच्या जाहिराती तर बारमाही. या साऱ्यांत आमच्या पेंटरचा हात होता. पोळ्याच्या आधी तो सिंदी रेल्वे येथे जाई. तेथला तान्हा पोळा आमच्या जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. पुरुषभर उंचीचे लाकडी नंदी चाकांवर ओढीत आणतात. त्या नंदींचे डोळे रंगविण्यासाठी त्याला मुद्दाम बोलावणे असे. डोळा चुकला तर नंदी वेडा दिसतो, असे त्याचे म्हणणे.

भिंत मनुष्याला काय शिकविते, हे आम्हांस पुस्तकांतून कधीच कळले नसते. २०१९ च्या आषाढात तो आमच्या फाटकावर घराचे नाव लिहावयास आला होता. अर्धे नाव झाले आणि पावसाची सर आली. तो ओसरीवर येऊन बसला. सौभाग्यवतींनी चहा दिला. पाऊस थांबण्याचे लक्षण दिसेना. आम्ही छापखान्यातून कोरे ताव आणून ठेवले होते, पुस्तकांच्या फळ्यांवर अंथरण्यासाठी. त्याने त्यांतला एक मागितला आणि आमच्या खिशातली पेन्सिल मागितली. आम्ही लिहिण्याचे टेबल मोकळे करून दिले. तो खुर्चीवर बसला, पेन्सिल कागदावर टेकवली आणि तशीच उचलली. मग उठून म्हणाला, "बसून नाही जमत जी मले. भिंत पायजे."

कागद त्याने भिंतीला चिकटविला, दोन पावले मागे सरला, डोळे बारीक करून पाहिले आणि हात लांब करून रेघ ओढली. आम्ही बसलेलो होतो तेथून जे दिसले ते असे: बोटे हलत नव्हती, मनगट हलत नव्हते, कोपरही फारसे नाही, हलत होता तो खांदा. आपण लिहिणारे लोक बोटांनी लिहितो. शाळेतला चित्रकलेचा विद्यार्थी मनगटाने काढतो. ज्याने दहा फुटांचा आकार परांचीवर उभा राहून काढला आहे, ज्याला मागे सरून तो पाहताही येत नाही, कारण मागे सरले की खाली पडण्याचे भय, त्याला सारा आकार आधी खांद्यात साठवावा लागतो. आम्ही खोडरबर पुढे केले. त्याने ते पाहिले आणि हसला. "भिंतीले कोठचं खोडरबर जी?" चुनकळीने धुतलेल्या भिंतीवर गेरूची रेघ एकदा पडली की पडली, वर पुन्हा चुना मारावयाचा तर चुन्याचे पैसे स्वतःच्या खिशातून. आणि पांढरा रंग भिंतीचाच असल्यामुळे जेथे पांढरे हवे तेथे भिंत तशीच सोडावयाची, हाही त्या दारिद्र्याचाच धडा. आमच्या कन्येला जी शेडिंगची उणीव वाटते तिचे कारण इतके साधे आहे. ज्याला वाराने रंग विकत घ्यावा लागतो तो पोटाखाली छाया काढीत नाही.

चित्राला वीस मिनिटे लागली असतील. पहिला बैल झाला, जू झाले, आणि तो थांबला. आम्ही दुसऱ्या बैलाची वाट पाहत होतो. तो पेन्सिल परत देऊ लागला तेव्हा आम्हीही, पुढे सर्व पाहुणे विचारणार होते तेच, विचारले. तो म्हणाला, "दुसरा विकला."

मग समजले की हा बैल त्याच्या भावाचा. गवळाऊ जातीचा, आर्वीकडून आणलेला. ही जात आमच्या जिल्ह्याची. अंगाने सडपातळ, चालीला हलकी, रंगाने शुभ्र. दोघे गोऱ्हे असताना एकदमच घेतले होते आणि नऊ वर्षे एका जुवाखाली चालले. मागच्या वर्षी कपाशीवर बोंडअळी पडली, सोसायटीचे देणे थकले, आणि जोडीतला उजवा विकला. दोन्ही का विकले नाहीत, हे आम्ही विचारले नाही. एक ठेवला म्हणजे दुसरा पुन्हा घेण्याची आशा ठेविली, एवढे आम्हांसही कळते.

जू सरळ का राहिले, हे मात्र आम्ही पुढे एकदा त्याला विचारले, कारण पदार्थविज्ञानाच्या अध्यापकांचा आक्षेप मनात होता. त्यावर तो म्हणाला की खाली आलेले जू त्याने कधी काढलेले नाही. त्याच्या हातात बैलजोडीचे जे जू बसले आहे ते आडवे आहे.

वाचकांपैकी ज्यांना चित्रकलेचा इतिहास अवगत आहे त्यांना भिंतीवरून कागदावर उतरलेले दुसरे हात आठवतील. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे हे त्यांतले अग्रगण्य. वारली घरांत लग्नाच्या वेळी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहिण्याचे काम स्त्रियांचे. हा पुरुष त्यात शिरला. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी यांनी त्या पाड्यांवर कागद आणि रंग नेऊन दिले आणि ती चित्रे जगाला दिसली. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. त्यांच्या चित्रांविषयी आम्हांस विशेष वाटते ते हे की कागदाला वा कापडाला आधी शेणामातीचा हात देऊन त्याची भिंत करून घ्यावयाची आणि मग त्यावर लिहावयाचे. आमच्या पेंटरने कागद भिंतीला चिकटविला तो त्याच गरजेने. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवीत, चौरस फुटाला काही आणे या दराने. आणि त्यांच्या पुढच्या साऱ्या घोड्यांच्या रेघेत तो फलक दिसतो, असे आमचे मत आहे. त्यांच्या रंगांविषयी आम्हांस तितकेसे प्रेम नाही. रेघ मात्र भिंतीवरची आहे.

आणि घरापासून चार कोसांवर तर याहून जुने उदाहरण आहे. सेवाग्रामच्या बापूकुटीत जाऊन आलेले लोक चटई, कंदील, चरखा पाहून परततात. मातीच्या भिंतीकडे नीट पाहणारे थोडे. त्या भिंतींवर मीराबेनने स्वतःच्या बोटांनी ओल्या मातीत ताडाची झाडे, चरखा आणि ॐ उठविलेले आहेत. ब्रिटिश आरमाराच्या एका ॲडमिरलची ही मुलगी. तिला युरोपातील चित्रसंग्रहालये अपरिचित नव्हती. तिने काढलेली झाडे अगदी साधी आहेत, खेड्यातल्या बाईने घर सारविताना काढावी तशी. महात्माजी १९३६ साली सेगावी राहावयास आले. गावाचे नाव सेवाग्राम झाले ते पुढे १९४० साली. त्यांच्या पेन्सिलीचीही एक गोष्ट काकासाहेब कालेलकर सांगत. १९१५ च्या मुंबई काँग्रेसच्या वेळी बापूजी बोटभर पेन्सिलीचा तुकडा हरवला म्हणून अस्वस्थ होऊन शोधीत होते. काकासाहेबांनी स्वतःची पेन्सिल देऊ केली ती त्यांनी घेतली नाही, कारण तो तुकडा मद्रासेस एका लहान मुलाने प्रेमाने दिलेला होता. ज्या वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ नंतर ग्रामोद्योग संघाने हातकागद करण्याचे प्रयोग चालविले, त्याच वर्ध्यात आमचे चित्र छापखान्याच्या हलक्या कागदावर काढले जावे, ही खंत आमच्या मनातून जात नाही. तसबिरी करणाऱ्याने कागद उजेडाकडे धरून पाहिला आणि स्पष्टच सांगितले की हा पिवळा पडणार. कडा पिवळ्या पडूही लागल्या आहेत.

त्या दिवशी आम्ही चित्राचे पैसे देऊ केले. फाटकावरच्या अक्षरांचे त्याने ठरल्याप्रमाणे घेतले, चित्राचे घेईना. "याचे कायचे पैसे जी? पाऊस होता म्हणून काढला." वेळ मोकळा होता, त्या वेळात हात चालला, एवढाच त्याचा हिशेब. या हिशेबात नम्रता आहे असे समजून सद्गदित होण्याची आम्हां शिकलेल्या लोकांना फार हौस. आम्हांस त्यात दुसरेच दिसले. चाळीस वर्षे त्याने जे काढले त्यातले काहीही त्याचे नव्हते. निशाणी पक्षाची, मजकूर सरकारचा, भिंत घरमालकाची. त्याचे स्वतःचे असे कोपऱ्यातले बोटभर नाव, तेही पुढच्या चुन्याखाली जाई. मग ज्याला त्याने कधी स्वतःचे म्हटलेच नाही, त्याची किंमत तो कशी सांगणार?

ते कामही गेले. शेषन निवडणूक आयुक्त असताना भिंतींवर लिहिण्यास पायबंद बसू लागला. १९९५ साली महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूप करण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. कायद्याला आमचा विरोध नाही. आमच्याच कुंपणावर एकदा एका उमेदवाराचे नाव रात्रीतून उमटले होते आणि ते धुण्यास आम्हांस दोन रविवार लागले. पण कायद्याने जे अर्धे केले ते फ्लेक्सने पुरे केले. दहा फुटांचे चित्र अर्ध्या तासात छापून मिळू लागल्यावर परांचीवर कोण चढणार? पेंटरच्या मुलाने काळ ओळखला आणि वर्ध्यात भागीने फ्लेक्सचे यंत्र घातले. बापाने त्याला अडविले नाही. यंत्रावर पहिला फलक निघाला तेव्हा तो पाहावयास गेला होता, आणि लाल रंग चांगला आला आहे, असे म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी मुंबईचे एक स्नेही आमच्याकडे उतरले होते. चित्रे विकत घेण्याचा त्यांना नाद आहे आणि त्यांची नजर चांगली आहे. त्यांनी "पुरे व्हावयाचे आहे काय" हा प्रश्न विचारला नाही. रात्री जेवणानंतर एकदा आणि पहाटे चहापूर्वी एकदा ते चित्रापुढे जाऊन उभे राहिले, आणि निघताना पंचवीस हजारांस ते मागितले. आम्ही संकोचात पडलो. चित्र आमच्या घरात आहे. पण ते आमचे आहे काय? आम्ही त्याचे काही मोल दिलेले नाही. आमची पेन्सिल, आमचा कागद आणि आमची भिंत, एवढ्यावर मालकी सांगावी तर गावोगावचे घरमालक त्याच्या साऱ्या चित्रांचे धनीच ठरतील. आम्ही पेंटरला बोलावून घेतले आणि आकडा सांगितला. पैसे त्याचेच, हेही सांगितले.

त्याने प्रथम विचारले, "पंचवीस हजारात किती फूट भिंत होते सर?" आणि स्वतःच हिशेब केला. त्याला शेवटी शेवटी चौरस फुटाला आठ रुपये मिळत, त्यांत रंग त्याचा. तीन हजार फुटांच्या वर भिंत झाली. एवढी भिंत रंगवायला त्याला महिना लागला असता. तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या घरी त्या दिवसांत पैशाची निकड होती, हे आम्हांस ठाऊक होते, आणि चित्र विकले जाऊ नये अशी इच्छा आमच्या मनात चोरासारखी बसली होती, हेही येथे लपवीत नाही.

"बैल भावाचा हाय," तो म्हणाला. "त्याले पुसतो."

आम्ही म्हटले, बैल भावाचा असला तरी चित्र तुमचे आहे. त्याला हा भेद पटला नाही. आठ दिवसांनी तो आला, ओसरीवर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "नाही म्हन्ते." कारण त्याने सांगितले नाही, आणि विचारण्याचा अधिकार आमच्याकडे आहे असे आम्हांस वाटले नाही. मुंबईच्या स्नेह्यांना आम्ही पत्र लिहिले. त्यांचे उत्तर थोडे कोरडे आले.

त्यानंतरच्या श्रावणात पेंटरचा मुलगा आला. पोळ्यासाठी गावात फलक लावावयाचा होता, आणि दरवर्षी संगणकातून निघणारा तोच तो परदेशी बैल त्याला नको होता. त्याने चित्राची प्रत काढून नेली. तावावरचा बैल बारा फुटांचा करणार, हे ऐकून आम्हांस धास्ती वाटली. पेन्सिलीचे चित्र सहापट मोठे केले म्हणजे काय होते हे आम्ही पाहिलेले आहे. रेघेचा धूर होतो, मनगटाची प्रत्येक शंका हातभर लांब दिसते.

पोळ्याच्या दिवशी दुपारी आम्ही मुद्दाम गावी गेलो. ग्रामपंचायतीच्या समोर आंब्याच्या पानांचे तोरण बांधले होते, आणि त्याखाली जोड्या येऊन उभ्या राहत होत्या. आदल्या संध्याकाळी हळद-लोण्याने मळलेले त्यांचे खांदे अजून चकाकत होते. तोरणाच्या मागे तो फलक होता. रेघ जशीच्या तशी होती. कोठे फाटली नव्हती, कोठे कापत नव्हती. उलट ओसरीच्या गिलाव्याचे कण आता बोराएवढे झाल्यामुळे ती कागदावर दिसते त्यापेक्षा अधिक खरी, चुन्याच्या भिंतीवर गेरूने ओढल्यासारखी दिसत होती. बारा फूट हेच तिचे माप होते. आमच्या बैठकीच्या खोलीत ती इतकी वर्षे लहान होऊन राहिली होती.

पेंटर फलकाकडे पाहत उभा होता. डावा कान जरा मोठा झाला, असे तो म्हणाला.

भाऊ आपला बैल घेऊन आला. पोळ्याला एकटा बैल आणू नये म्हणून शेजाऱ्याचा एक तांबडा सावडीने मागून जोडीला लावला होता. दोन्हींची उंची जुळत नव्हती. गर्दीतल्या कोणी पोराने फलकाकडे बोट करून मोठ्याने विचारले, "आन् दुसरा कोठी हाय?" थोडे लोक हसले. भावाने बैलाच्या पाठीवरची झूल सारखी केली आणि सांगितले, "समुद्रपूरले." तेवढ्यात तोरण तुटले, पोळा फुटला, आणि सारे बैल एकदम घरांकडे वळले.

तो फलक आता भावाच्या गोठ्यावर घातलेला आहे. फ्लेक्सच्या कापडाला पाऊस लागत नाही, म्हणून गावात जुने फलक असेच वापरतात. चित्राची बाजू आतून आहे.